स्विफ्ट पेट्रोल: कोन फिल्टर आणि इरिडियम प्लगवर पैसे घालावेत का?

फुफाटा_जालना:
मंडळी, गाडी २०१६ ची स्विफ्ट पेट्रोल, रनिंग ७८,०००. रोज संभाजीनगर–जालना, शिवाय आठवड्यातून दोनदा शेताकडचा कच्चा रस्ता. हल्ली सकाळी गार इंजिन दोन-तीन झटके देतं आणि तिसऱ्या गिअरला ओढ कमी वाटते. अ‍ॅक्सेसरीवाला म्हणतो, कंपनीचा एअर फिल्टरचा डबा काढून कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर) टाका आणि चार इरिडियम प्लग (टोकाला इरिडियम धातू असलेले स्पार्क प्लग) बसवा, पिकअप आणि अ‍ॅव्हरेज दोन्ही वाढेल. प्लग आजवर बदललेले नाहीत. हा खर्च करावा का?

दहाचा_पाना:
प्लग बदलाच, पण कारण वेगळं आहे. साधा निकेलचा प्लग ३०–४० हजारांपर्यंत चांगला चालतो. पुढे मधला इलेक्ट्रोड झिजून गॅप वाढतो, ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, कॉइलवर (प्लगला व्होल्टेज पुरवणाऱ्या भागावर) ताण येतो आणि गार इंजिन मिसिंग करतं. या अवस्थेत कुठलाही नवा प्लग टाकला तरी गाडी सुधारते, आणि श्रेय इरिडियमला मिळतं.

इरिडियमचा खरा फायदा आयुष्याचा. साध्या प्लगचा मधला इलेक्ट्रोड सुमारे २.५ मिमी जाड, इरिडियमचा ०.४ ते ०.६ मिमी, तरी तो लवकर झिजत नाही, कारण इरिडियम सुमारे २,४५० अंशांना वितळतं आणि निकेल १,४५५ ला. स्टॉक (कंपनीतून आलं तसंच असलेल्या) इंजिनात ताकद वाढल्याचं जाणवणार नाही. किंमत साध्याच्या तिप्पट असेल तर तेवढं रनिंग ही गाडी करणार आहे का, एवढाच हिशोब करा.

घेताना जुन्या प्लगच्या सिरॅमिकवरचा नंबर मॅन्युअलशी ताडून पाहा. एनजीके आणि डेन्सोत हीट रेंजचा (प्लग उष्णता किती लवकर बाहेर टाकतो त्याचा) आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, बॉशमध्ये नेमकं उलटं. थंड प्लगवर काजळी धरते, गरम प्लगने नॉकिंग (इंजिनात ठकठक) होतं.

बसवताना:
– इंजिन पूर्ण गार हवं. गरम अ‍ॅल्युमिनियम हेडमधून प्लग काढला तर आटे जातात.
– कॉइल काढल्यावर आधी प्लगच्या खड्ड्यातली धूळ हवेने उडवा. नाहीतर प्लग सुटताच ती सिलिंडरमध्ये.
– नवा प्लग हातानेच फिरवत बसवा. पहिल्या दोन आट्यांत अडला तर जोर न लावता काढून परत लावा.
– टॉर्क (आवळण्याचा जोर) १२ मिमी आट्यांना १५–२०, १४ मिमीला २५–३० न्यूटन-मीटर. टॉर्क पाना नसेल तर वॉशर टेकल्यावर अर्धा फेरा.
– आट्यांना ग्रीस नको. ग्रीस लावून वरचा, म्हणजे कोरड्या आट्यांचा, टॉर्क दिला तर प्लग जास्त आवळला जातो.
– इरिडियमचा गॅप फीलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) खुपसून मोजू नका, टोक तुटतं.

जुने प्लग सिलिंडरच्या क्रमाने मांडून ठेवा. चारही फिकट तपकिरी असतील तर इंजिन ठणठणीत. एकच ओला-काळा निघाला तर त्या सिलिंडरचं ऑइल किंवा कॉइल बघावं लागेल.

घाटमाथा:
कोन फिल्टर तुमच्या रस्त्यावर अजिबात नको. कंपनीचा डबा बाहेरची गार हवा ओढतो, कोन बॉनेटखालची तापलेली. हवा ३ अंश तापली की साधारण १ टक्का विरळ होते, म्हणजे मे महिन्यातल्या ट्रॅफिकमध्ये ताकद उलट घटते. वाढतो तो आवाज, आणि कानाला ती ताकद वाटते.

अ‍ॅव्हरेजचं म्हणाल तर अर्ध्या पेडलवर हवा थ्रॉटलची चकतीच अडवून धरते, फिल्टर नव्हे. पेट्रोल किती सोडायचं हे ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ऑक्सिजन सेन्सरवरून ठरवतो. फिल्टर बदलून त्यात फरक पडत नाही.

आणि फुफाट्यातली बारीक वाळू रिंग आणि सिलिंडर घासून काढते. कागदी फिल्टर १० रुपये जास्त देऊन घ्या, पण चांगल्या कंपनीचाच घ्या. कच्च्या रस्त्यासाठी मॅन्युअलमधल्या निम्म्या अंतरावर बदला.

फुफाटा_जालना:
धन्यवाद. डबा तसाच ठेवून आत बसणारा, धुऊन वापरायचा कापडी फिल्टर कसा?

घाटमाथा:
चालतो, पण त्याच्या कापडाला धूळ धरायला ऑइल लावतात, ते जपून लावायला हवं. कमी पडलं तर धूळ आत जाते. जास्त झालं तर मास एअरफ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) असलेल्या गाडीत त्याच्या तारेवर चढतं आणि मिश्रण बिघडतं. धुतल्यावर सावलीत पूर्ण वाळवा, हेअर ड्रायर नको. बसवल्यावर १,००० किमीने फिल्टरकडून इंजिनकडे जाणाऱ्या पाइपात पांढरं फडकं फिरवा. त्यावर तांबूस धूळ आली तर फिल्टर किंवा त्याच्या कडेचं रबर सील गळतंय, त्याच दिवशी कागदी टाका.