बर्लिन : आधी शाळा, मग घर

दोन मुलांना घेऊन बर्लिनमध्ये राहायला कुठला भाग बरा, प्रेन्झलाउअर बर्ग की त्सेलेनडॉर्फ, या तुमच्या प्रश्नावर सगळे भाड्याचंच बोलतायत. तुमची मुलगी पहिलीत जाणार ना? मग आधी शाळा बघा. बर्लिनमध्ये सरकारी प्राथमिक शाळा साधारणपणे घराच्या पत्त्यावरून ठरते, आणि ती सहावीपर्यंत असते. धाकट्याच्या किटाची, म्हणजे पाळणाघर-बालवाडीची, फी २०१८ पासून माफ आहे, जेवणाचे तेवढे महिन्याला २३ युरो. पण गुटशाइन, म्हणजे किटासाठीचं सरकारी हक्कपत्र, हातात आलं तरी जागा आपणच शोधायची, तेव्हा पोट दिसायला लागल्यापासून नाव नोंदवणारे आईबाप इथे आहेत!

त्सेलेनडॉर्फला झाडी, तळी, शांतता. प्रेन्झलाउअर बर्ग मुलांसाठी झकास, पण रिकामं घर मिळायला नशीब लागतं. मी तर थोडं उत्तरेला, पांकोला बघेन. ब्युर्गरपार्क आहे, आणि मिट्टे या मध्यवर्ती भागातल्या तुमच्या ऑफिसला यू२ मेट्रो थेट.