मदत हवी आहे – मिस्टर गेल्यानंतर पहिल्यांदाच कलकत्त्याला, एकटीनं

नमस्कार मंडळी,

येत्या जानेवारीत पुण्याहून कलकत्त्याला जायचं मनात आहे, आठ-दहा दिवस, एकटीनं. वय ६३, गुडघे कुरकुरतात आणि बीपीची गोळी चालू आहे, बाकी तब्येत चांगली. प्रवासाची माहिती तर हवीच आहे पण नुसती तेवढीच नाही, म्हणून वेगळा धागा काढतेय. माझे मिस्टर गेले, वर्षश्राद्धही होऊन गेलं, आणि कलकत्ता हे आमचं दोघांचं अत्यंत लाडकं शहर होतं. जोडीदार गेल्यावर अशा एखाद्या गावी परत गेलेलं इथे कोणी असेल तर त्यांनी प्लीज लिहा. आणि ज्यांना कलकत्त्याचे रस्ते पाठ आहेत त्यांनीही.

थोडं मागचं सांगते. लग्न झालं आणि ह्यांचं पहिलं पोस्टिंग थेट कलकत्त्याला. मी नारायण पेठेत वाढलेली, मुंबईपलीकडे कधी गेलेले नव्हते. भवानीपूरला एका बंगाली कुटुंबाच्या घरात वरची खोली भाड्यानं मिळाली. २४ ऑक्टोबर १९८४ ला एस्प्लनेड ते भवानीपूर मेट्रो सुरू झाली ना, देशातली पहिली, तेव्हा आम्ही तिथेच होतो. काही काम नसताना संध्याकाळी नुसतं त्यात बसून जायचो आणि परत यायचो. मी आईला पत्रात लिहिलं की इथे जमिनीखालून आगगाडी जाते आणि वरून ट्राम, तर आईला वाटलं जावईबापू हिची थट्टा करतायत. पुढे बदली होऊन पुण्याला आलो, सहकारनगरला घर झालं, पण थंडी पडली की ह्यांना कलकत्त्याची आठवण यायची आणि जमेल त्या वर्षी आम्ही जायचोच.

२०२४ च्या मार्चमध्ये हुगळीच्या खालून जाणारी मेट्रो सुरू झाली, हावडा मैदान ते एस्प्लनेड. ह्यांनी पेपरमधली बातमी मला मोठ्यानं वाचून दाखवली आणि म्हणाले जानेवारीत जायचंच, तू तुझ्या गुडघ्याचं बघून घे. आणि त्याच पावसाळ्यात ते गेले, काही हाताशी वेळच मिळाला नाही.

आता अडचण. पहिली म्हणजे मला रस्ते माहीत नाहीत. इतकी वर्षं त्या शहरात फिरले पण कायम ह्यांच्या मागून. ते खांद्याला शबनम लावून झपाझप पुढे जायचे, मी दोन पावलं मागे, दुकानं बघत. त्यामुळे मला काय काय आठवतं तर, अमुक ठिकाणी डाव्या हाताला पितळेची भांडी, मग एक बोळ, तिथून बाहेर पडलं की जुन्या पुस्तकांचा वास यायला लागतो. ह्याच्यावरून मोबाईलच्या नकाशात काय शोधणार? फोटोही सगळे माझेच आहेत, कारण काढणारे ते.

कॉलेज स्ट्रीटचं कॉफी हाऊस, आणि तिथून पुढे पॅरामाउंट (१९१८ पासूनचं सरबताचं दुकान, तिथलं डाब सरबत म्हणजे शहाळ्याचं), हे दोन्ही मला परत करायचंय. महात्मा गांधी रोड स्टेशनला उतरून चालत जाता येईल ना? कमी पायऱ्यांचा मार्ग कोणता? कॉफी हाऊसचा जिना आहे तो आहेच, तो मी चढेन.

दुसरी जागा म्हणजे बागबाजारमधली मराठा डिच लेन. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांचं घोडदळ येणार ह्या धास्तीनं कलकत्तेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला, तो काही पुरा झाला नाही आणि पुढे बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला, पण ह्या गल्लीच्या नावात मराठे अजून आहेत. तिकडे आपल्याला बर्गी म्हणायचे. आमच्या घरमालकीण काकीमा मला सुरुवातीला त्याच नावानं हाक मारायच्या, अगदी प्रेमानं, जेवायला ये गं बर्गी असं. तर ह्यांना त्या गल्लीच्या पाटीखाली उभं राहायचा फार शौक. तिथल्या माणसांना आम्ही पुण्याचे असं सांगायचे आणि मग अर्धा तास गप्पा. शोभाबाजार मेट्रोपासून रिक्षानं जाता येईल का, की दुसरं काही जवळ पडतं? तिथून बागबाजार घाटावर लाँच मिळते हे आठवतंय, ती अजून हावड्याला जाते का?

ट्रामचं काय आहे सध्या? १८७३ पासूनची ट्राम, आणि २०२४ मध्ये तिथल्या सरकारनं सांगितलं की मैदान–एस्प्लनेड पट्टा सोडून सगळ्या बंद करणार. ते ऐकायला हे नव्हते ते बरंच झालं असं मला वाटतं. तेवढ्या पट्ट्यावर तरी खरोखर चालू आहे का ते नुकतंच जाऊन आलेल्यांनी सांगा.

जायचं कसं ह्यावरून घरात रोज चर्चा. हे कायम आझाद हिंद एक्सप्रेसनं जायचे, विमानाचं नाव काढायचं नाही. संध्याकाळी पुण्याहून निघायचं, सकाळी नागपूरला संत्री घ्यायची, दुसरी रात्र गाडीत काढून पहाटे अंधारात हावडा, मग उजाडेपर्यंत वेटिंग रूममध्ये बसायचं आणि पहिल्या लाँचनं नदी ओलांडून शहरात शिरायचं. टॅक्सी नाही. धुक्यात पूल हळूहळू दिसायला लागायचा तेव्हा ते एक अक्षर बोलायचे नाहीत, नाहीतर एरवी तोंडाचा पट्टा अखंड चालू. मला ट्रेननंच जावंसं वाटतं. आता रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं आणि ४५ च्या पुढच्या बाईला लोअर बर्थचा कोटा आहे एवढं मी बघून ठेवलंय. आधीचं अकाउंट ह्यांच्या नावावर, ओटीपी त्यांच्या बंद झालेल्या नंबरवर जायचा, म्हणून मी माझं स्वतःचं नवीन उघडलं आणि दौंडपर्यंतचं एक तिकीट काढून बघितलं, जमलं. पण पहाटेच्या वेळी एकट्या बाईनं हावड्याला उतरणं कसं आहे आता? मुलगा म्हणतो विमानानं जा, अडीच तासात पोचशील, आणि आता विमानतळावरून मेट्रो नोआपाड्याला येते, तिथे एकदा बदललं की थेट जतीन दास पार्क, म्हणजे भवानीपूरकडचं स्टेशन. त्याचं चूक नाही.

आता दुसरी अडचण, जी मला जास्त मोठी वाटते. प्रत्येकाला माझ्या जाण्याचं काहीतरी कारण हवंय. नणंद म्हणते जायचंच आहे तर काशीला जा, त्यांच्या नावानं काहीतरी कर. (अस्थी आळंदीला दिल्या, सगळं यथासांग झालंय.) सून म्हणते आई, आम्ही डिसेंबरात नेतो, चार दिवसात सगळं बघून येऊ. फार गुणी मुलगी आहे, पण कलकत्ता चार दिवसात बघायचं नसतं, तिथे नुसतं राहायचं असतं. एका टूरवाल्याकडे चौकशी केली तर एकटीला खोली हवी म्हटल्यावर जवळजवळ दोघांचे पैसे सांगितले आणि वर, ताई तुम्हाला कोणीतरी पार्टनर बघून देऊ का म्हणाला. मी फोन ठेवून दिला.

मला दुःख करायला जायचं नाहीये आणि दुःख विसरायलाही नाही. मला ते शहर आवडतं. ह्यांच्यामुळे आवडायला लागलं हे खरं, पण माझं मला पण आवडतं. गरियाहाटच्या साड्या, धनियाखाली आणि शांतिपुरी, त्या मी शोधलेल्या. नोलेन गुळाचा (खजुराच्या नव्या गुळाचा) संदेश थंडीतच मिळतो म्हणून जानेवारी हा हट्ट माझा होता. बंगाली माझं ह्यांच्यापेक्षा चांगलं. नवरा गेला म्हणून बाईनं एवढं सगळं पण सोडून द्यायचं असं कोणी तोंडावर म्हणत नाही, पण गृहीत धरतात, आणि ते मला मान्य नाही.

तरी भीती वाटते. गरियाहाटला एक साडीवाले आहेत, ते माझ्यासाठी साड्या पसरायचे आणि ह्यांना स्टूल देऊन चहा मागवायचे. त्यांना काहीच माहीत नाही. पहिला प्रश्न दादा कुठे हाच येणार. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर मी काय करू? जे लोक अशा जागी परत गेलेत त्यांनी हे कसं निभावलं? अवघड जागी आधी जायचं की शेवटी? आणि महाराष्ट्र निवासला राहावं का? हाजरा रोडवर आहे, मेट्रो जवळ, मराठी माणसं, सगळं सोयीचं, पण अलीकडे आम्ही दरवेळी तिथेच उतरायचो.

सविस्तर लिहिलं त्याबद्दल समजून घ्या.

---

अपडेट:

सगळ्यांचे मनापासून आभार, इतके प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. एकेकाला वेगळं लिहायला जमत नाहीये म्हणून इथेच.

ज्या काकांनी पत्नी गेल्यावर म्हैसूरला एकटे जाऊन आल्याचं लिहिलंय, तुमचा प्रतिसाद मी लेकाला वाचून दाखवला. पहिल्या दिवशी ओळखीच्या जागी जायचंच नाही, दोघांनी मिळून न बघितलेलं काहीतरी बघायचं, हे मला एकदम पटलं. त्यामुळे सुरुवात नदीखालच्या मेट्रोनं. ह्यांची ती राहूनच गेली. पुण्यात तशी थोडी तयारी झालीये म्हणा, कोर्टापासून स्वारगेटची भुयारी मेट्रो सुरू झाली तेव्हा मी एकटीच गेले होते, ती पण मुठेखालून जाते. मंडई स्टेशनला डोळे भरून आले होते, शेजारच्या मुलीनं न बोलता बसायला जागा दिली. म्हणजे रडू आलं तरी माणसं काही वाईट वागत नाहीत.

फोटो बरोबर न्या आणि प्रत्येक ठिकाणी ठेवून सेल्फी काढा असं दोघीतिघींनी सुचवलंय. भावना पोचली, पण ते माझ्याच्यानं व्हायचं नाही. त्यांची शबनम मात्र नेणार आहे, ती तशीही मजबूत आहे.

ट्रेन नक्की केली. पहाटे उजाडेपर्यंत वेटिंग हॉलमध्येच थांबायचं आणि मग लाँच, ह्यावर बहुतेकांचं एकमत दिसतंय. येताना विमान, म्हणजे मुलाचंही समाधान.

साडीवाल्यांचं ज्या ताईंनी सुचवलं की आपण जायच्या आधी दुसऱ्या कोणाकडून त्यांना कळवा, ते फारच उपयोगी पडलं. काकीमा कधीच गेल्या, पण त्यांची सून, आमच्या बौदी, त्याच घरात आहेत, विजयादशमीला फोन असतोच. त्यांना फोन केला. त्या म्हणाल्या मी स्वतः गरियाहाटला जाऊन सांगते, तू काळजी करू नकोस. आणि मग म्हणाल्या, महाराष्ट्र निवास वगैरे काही नाही, इथेच यायचं, तुमची वरची खोली रिकामीच आहे.

त्या खोलीत मी एवढ्या वर्षांत राहिलेले नाही. जायचो भेटायला, पण खाली बसून चहा घेऊन निघायचो. रस्त्याकडची खिडकी तीच आहे, पलंग पण तोच असं त्या म्हणाल्या. दिवसाचं मी निभावेन हो, रात्रीचं सांगता येत नाही. दुसरीकडे असंही वाटतं की बौदी खाली असतील, हाक मारली तर ऐकू जाईल, लॉजच्या खोलीत ते पण नाही. लेक म्हणतो दोन रात्री राहून बघ, नाही जमलं तर निवासला जा. पण मधेच उठून गेले तर बौदींना काय वाटेल?

ज्यांनी कोणी अशा जुन्या घरात, जुन्या खोलीत परत रात्री काढल्या असतील त्यांनी खरं खरं लिहा, माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून नको. झोप लागते का? निवासचं बुकिंग पण करून ठेवू का? बौदींचा रविवारी परत फोन येणार आहे, त्याआधी कळलं तर बरं होईल. आणि मराठा डिच लेनचं उत्तर अजून कोणीच दिलेलं नाही, उत्तर कलकत्ता माहीत असलेलं कोणी आहे का इथे?