मदत हवी आहे: चिपळूणची जुनी तिजोरी (आणि आतली बंदूक) पुण्यात तिसऱ्या मजल्यावर न्यावी का?

वाशिष्ठीकाठ

नमस्कार मंडळी,

आई-बाबांना कायमचं पुण्याला आणतेय. दिवाळीच्या आत हलायचं ठरलंय. भांडी वाटून झाली, शिसवी पलंग आत्तेभाऊ नेतोय, देव आमच्याकडे येतायत. घोडं अडलंय ते तिजोरीपाशी.

चिपळूणच्या बाजारपेठेत आमची सराफी होती. पुढे पेढी, मागे घर. तिजोरी आजोबांनी घेतलेली. उंची साधारण पाच फूट, रुंदी सव्वादोन, खोली दोन फूट, आणि भिंती चार बोटं जाड. वजन कुठेही लिहिलेलं नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी पेठेत शिरलं तेव्हा ती पूर्ण पाण्याखाली गेली. पाणी ओसरल्यावर दार उघडलं तर खालच्या कप्प्यात वीतभर गाळ. पेढी त्यानंतर उघडली नाही. २००५ च्या पुरातून बाबा उभे राहिले होते, पण या वेळी वय आडवं आलं, आता ते ७८ वर्षांचे आहेत. आता घर विकलंय.

तिजोरीत आता दागिने नाहीत, ते लॉकरमध्ये आहेत. आहे ती बाबांची बंदूक. बारा बोअरची एकनळी, स्वसंरक्षणाचा परवाना, आजोबांकडून बाबांच्या नावावर आलेली. पुराच्या दिवशी बंदूक आणि परवाना बाबांनी आधीच माळ्यावर नेला होता, म्हणून वाचला. एरवी निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायची आणि आचारसंहिता उठली की आणायची, एवढाच तिचा प्रवास.

एका पॅकर्सवाल्याने तिजोरी बघितल्या बघितल्या नाही म्हटलं. दुसरा म्हणाला, पाचशे किलोच्या खाली नाही, जिन्याने आठ माणसं लागतील, आणि भिंत, फरशी, जिना कशाचंही नुकसान झालं तर ते तुमचं. आमची कोथरूडची इमारत तीसेक वर्षांची आहे. लिफ्टमध्ये पाटी आहे: ६ व्यक्ती, ४०८ किलो. जिना अरुंद आणि दर अर्ध्या मजल्यावर वळणारा.

नवरा म्हणतो, विकून टाका. बाबा म्हणतात, "तिजोरीशिवाय बंदूक ठेवायची कुठे? कुलपात ठेवीन असं सरकारला लिहून दिलंय मी." त्यांचं म्हणणं मला बाजूला सारता येत नाही. माझी मुलं शाळकरी आहेत. घरात बंदूक येणार असेल तर ती पक्क्या कुलपात हवी, याबाबत बाबा आणि मी एका बाजूला आहोत.

आणखी एक. पुरानंतर दर पावसाळ्यात तिजोरीला आतून ओल सुटते. परवा बाबांनी बंदूक काढली तेव्हा नळीच्या खालच्या अंगाला, जिथे ती तिजोरीतल्या फेल्टला (जाड लोकरी कापडाला) टेकते तिथे, बरोबर त्याच रेघेत तांबूस भुकटी होती. बोटाला लागली. बाबांनी नळी उतरवली, तेलाच्या फडक्याने पुसली, उजेडाकडे धरून आतून बघितली, आणि काही न बोलता परत ठेवली.

इतकं वजन तिसऱ्या मजल्याच्या स्लॅबवर ठेवणं सुरक्षित आहे का? बंदूक चिपळूणहून पुण्याला न्यायची रीतसर पद्धत काय? आणि तिजोरी न्यायची नसेल तर बंदुकीसाठी पर्याय काय? ज्यांनी यातून वाट काढली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

खांब_तुळई

ताई, मी इमारतींच्या आराखड्यांचं काम करतो, म्हणून वजनाबद्दल तेवढं सांगतो.

राहत्या खोलीचा स्लॅब आपल्याकडे चौरस मीटरला साधारण २०० किलो वापराचा भार धरून काढतात (इमारतींवरच्या भारांचं भारतीय मानक, आयएस ८७५, भाग २). तुमच्या तिजोरीचा तळ जेमतेम ०.४ चौरस मीटर. पाचशे किलो त्यावर म्हणजे चौरस मीटरला बाराशेच्या वर. हे वाचून घाबरायला होतं, पण दहा बाय बाराच्या खोलीचा हिशोब केला तर अख्ख्या खोलीला दोन टनांच्या वर भार धरलेला असतो. म्हणजे खोली तेवढ्याने खचत नाही. ती खोलीत नेमकी कुठे उभी राहणार, यावर सगळं आहे. खोलीच्या मधोमध अजिबात नको. खांबाच्या कोपऱ्यात, खाली तुळई असलेल्या भिंतीला लागून, खाली जाड पोलादी पत्रा टाकून ठेवली तर बऱ्याच इमारतींना झेपते. संडास-बाथरूमसाठी खाली उतरवलेल्या (सखल) स्लॅबवर कधीही नको. तीस वर्षांच्या इमारतीत खालच्या मजल्यावरून छत बघा. पोपडे सुटलेत, गंजलेली सळई दिसतेय, तर विषय तिथेच संपला.

मला जास्त काळजी वाटते ती जिन्याची. पाचशे किलोची तिजोरी आणि तिला धरलेली सहा-आठ माणसं मिळून एका लँडिंगवर टनभर वजन येतं, तेही हिसके देत. स्लॅबवर तिजोरी स्वस्थ उभी असते. जिन्यात ती हलती असते, आणि सुटली तर खालच्या माणसाला पळायला जागा नसते. लिफ्टचा तर विचारच नको, तिजोरी एकटीच पाटीवरच्या आकड्याच्या वर आहे.

न्यायचीच असेल तर सोसायटीची लेखी परवानगी आणि तुमच्या इमारतीच्या इंजिनिअरची सही, दोन्ही आधी घ्या. माझं स्वतःचं मत: नेऊ नका.

जुना_पेठकर

वर वजनाचं आलंच आहे. मी बंदुकीचं सांगतो, कारण आमच्या तीर्थरूपांच्या वेळी हे सगळं केलंय. ताई, तिजोरी आणि बंदूक हे दोन वेगळे प्रश्न करा, आणि बंदुकीचा आधी सोडवा. त्याला कागद लागतात आणि वेळ लागतो.

पहिलं म्हणजे बंदूक सामानाच्या टेम्पोत जाणार नाही. काडतुसंही नाहीत. परवाना बाबांच्या नावावर आहे, तेव्हा बाबांनी स्वतःबरोबर, रिकामी, पिशवीबंद, परवाना सोबत घेऊन न्यायची. तुम्ही एकट्या गाडीत घालून आणू नका, सख्खी मुलगी असलात तरी.

निघण्याआधी परवान्यावर बघा की तो कुठवर चालतो: जिल्ह्यापुरता, राज्यापुरता की देशभर. जिल्ह्यापुरता असेल तर रत्नागिरीच्या जिल्हाधिकारी कार्यालयातल्या शस्त्र परवाना शाखेत विचारून, लेखी घेऊनच जिल्ह्याबाहेर पडा. मुदतही बघा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झाला, त्याआधी तीन वर्षांचा होता, त्यामुळे जुन्या मंडळींचा तारखांत घोळ होतो.

मुक्काम कायमचा बदलला की शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ३० दिवसांच्या आत नव्या ठिकाणच्या परवाना अधिकाऱ्याला लेखी कळवायचं, आणि ज्यांनी परवाना दिला त्यांनाही. पुणे शहरात हे काम जिल्हाधिकाऱ्यांकडे नाही, पोलीस आयुक्तालयात आहे. लोक नेमके इथे चुकीच्या दारात रांग लावतात. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या आणि ती परवान्यासोबतच ठेवा.

बाबा ७८ चे आहेत म्हणून आणखी एक. सत्तरी ओलांडलेल्या परवानाधारकाला हयातीतच वारसाच्या नावावर शस्त्र करता येतं. वारसाला स्वतःचा परवाना मात्र मिळवावा लागतो, पोलीस पडताळणीसकट. तुम्हाला किंवा भावाला ती ठेवायची आहे का, हे बाबांना आत्ताच विचारा. ठेवायची नसेल तर परवानाधारक दुकानदाराकडे रीतसर विकता येते. तोवर पोलीस ठाण्यात किंवा अशा दुकानदाराकडे जमाही ठेवता येते, म्हणजे स्थलांतराच्या धांदलीत ती घरात नको.

वाशिष्ठीकाठ

दोघांचेही मनापासून आभार. परवाना काढून बघितला. महाराष्ट्रापुरता आहे आणि मुदत अजून दीड वर्ष आहे, जीव भांड्यात पडला.

बाबांना वारसाचं विचारलं. खूप वेळ गप्प होते. मग म्हणाले, मी आहे तोवर राहू दे माझ्या नावावर, पुढचं तू ठरव. म्हणजे बंदूक येणार. आता कुलपाचा प्रश्न राहिला. पाच फुटी तिजोरीला पर्याय म्हणून काय वापरता?

सह्याद्री_दुर्बीण

मी नेमबाजी करतो, घरात दोन शस्त्रं आहेत. जुनी तिजोरी बंदुकीसाठी मुळात चांगली जागा नाही, आणि पुरात बुडालेली तर मुळीच नाही. या तिजोऱ्यांच्या दोन पत्र्यांच्या मधे आगीपासून वाचवणारं भरण असतं. आग लागली की त्यातला ओलावा वाफ होऊन उष्णता शोषतो, यासाठीच ते असतं. एकदा ते पुराचं पाणी प्यायलं की वर्षानुवर्षं दमट राहतं. तुमच्या नळीवरची भुकटी तिथूनच आली. खात्री करायची असेल तर निळी सिलिका जेल वाटीत घालून आत ठेवा आणि दार लावा. चार-पाच दिवसांत गुलाबी झाली तर समजा.

तुम्हाला हवं ते बंदुकीचं पोलादी कपाट. साठ-सत्तर किलोचं मिळतं, तुमच्या लिफ्टमधून सहज येतं. ते विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीला आतून अँकर बोल्टने आवळायचं. हे महत्त्वाचं आहे, कारण हलकं कपाट चोर अख्खं उचलून नेतो. तुमच्या तिजोरीचं वजन हीच तिची राखण होती, इथे ते काम बोल्ट करतात. एकनळी मोडून ठेवता येते, नळी वेगळी आणि दस्ता वेगळा, त्यामुळे पूर्ण उंचीचं कपाटही लागत नाही. काडतुसं दुसऱ्या कुलपात. किल्ल्या बाबांकडे, आणि मुलांना किल्लीची जागा माहीत नको. नळीखालचं फेल्ट काढून टाका, ते ओल धरतं.

वाशिष्ठीकाठ

तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. भरण पाणी पितं हे ऐकल्यावर त्यांनी तिजोरीच्या मागच्या पत्र्याला हात लावून बघितला आणि "बरोबर सांगतोय तो" एवढंच म्हणाले.

तर ठरलं. तिजोरी पुण्याला येत नाही. कोथरूडच्या बेडरूममध्ये बाहेरच्या भिंतीला नाही, आतल्या विटांच्या भिंतीला कपाट बसेल, कारण बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते. बाबांना मोजमाप पाठवलंय. बंदूक ते माझ्या भावासोबत गाडीने आणतील, कुंभार्ली घाटातून, आणि दुसऱ्याच दिवशी आयुक्तालयात अर्ज. रत्नागिरीच्या कार्यालयाचं पत्र भाऊ लिहून घेतोय.

तिजोरीबद्दल बाबांची एकच अट आहे, ती भंगारात जायची नाही. कुलूप आणि बोल्ट अजून लोण्यासारखे फिरतात, दोन्ही किल्ल्या आहेत. पुरात बुडालेली आहे हे घेणाऱ्याला आम्ही आधीच सांगणार. कागदपत्रांना ओल बाधेल, सोन्याला नाही. चिपळूण, खेड, कराड, पाटण या भागात तळमजल्यावर पेढी असलेलं कुणी घेणार असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पैशाचं बोलणं बाबांशीच होईल. तळमजल्यावरून तळमजल्यावर तिजोरी हलवणारा, पाइप-रोलर आणि चेनपुली बाळगणारा कुणी अनुभवी मुकादम माहीत असेल तर तेही कळवा.