वस्तीच्या आठवणींवर नाटक बसवतोय, पण सगळंच फिसकटलंय

आमच्या वस्तीतले 6 ज्येष्ठ आणि शाळा-कॉलेजातली 9 पोरं मिळून जुन्या दिवसांवर तासाभराचं नाटक करायचं ठरलं. मी दोन महिने सगळ्यांचं रेकॉर्डिंग केलं, घरी बसून स्क्रिप्ट लिहिली, मला तर ती झकास वाटत होती. पण पहिल्याच वाचनाला एक आजी म्हणाल्या, "हे असं मी बोललेच नव्हते." दोन आजोबांचं विहीर कधी बुजवली यावरून चांगलंच वाजलं, आणि पाठांतर होत नाही म्हणून एक काका यायचेच बंद झालेत. पोरं कोपऱ्यात मोबाईलवर. आता काय करू?

विंगेतला:
स्क्रिप्ट बाजूला ठेव, राग मानू नकोस. आजींचं म्हणणं बरोबर आहे, त्यांचं बोलणं तू "सुधारलंस" ना? प्लेबॅक थिएटर म्हणून एक प्रकार आहे, 1975 मध्ये जोनाथन फॉक्स आणि जो सालास यांनी अमेरिकेत सुरू केला, त्यात प्रेक्षकातला माणूस आठवण सांगतो आणि नट ती तिथल्या तिथे करून दाखवतात. तेच तालमीत कर. आजी सांगतील, पोरं लगेच उभी राहून करतील, मग आजींना विचारायचं की असंच होतं का. त्या "छे, सासरे असे बसायचेच नाहीत" म्हणत स्वतः उठून बसून दाखवतात की नाही बघ! तेच रेकॉर्ड करून सीन बांध, त्यांचे शब्द, त्यांच्या अडखळण्यासकट. आणि पोरांना काम मिळालं की मोबाईल आपोआप खिशात जातो.

जुनी_खिडकी:
विहिरीचं भांडण मिटवू नकोस रे बाबा, तोच तुझा सगळ्यात भारी सीन आहे!! दोघांना दोन टोकांना बसव, दोघांची विहीर दाखव, मध्ये पोरं गोंधळलेली. खरं साल हवंच असेल तर जुने कागद शोधा, ते काम पोरांना द्या, पण सापडलं तरी भांडण काढू नका.

तालीममास्तर:
काकांबद्दल. ज्येष्ठांना वाक्यं देऊच नका, हातात वस्तू द्या. कंदील, जुनी चावी, शाळेची पाटी, काहीही, वस्तू हातात आली की माणूस आपोआप बोलायला लागतो आणि थांबायचं कुठे ते एखाद्या पोराच्या प्रश्नाने ठरवायचं. पाम श्वाइट्झर यांनी 1983 मध्ये लंडनला एज एक्सचेंज नावाची नाट्यसंस्था सुरू केली, तिथे ज्येष्ठांच्या आठवणींवरूनच नाटकं उभी केली, म्हणजे तुम्ही काही वेडेपणा करत नाही आहात. आणि "जुना इतिहास सांगा" असं विचारलं की सगळे भाषण ठोकतात. साधारण 10 ते 30 या वयातल्या आठवणी माणसाला म्हातारपणी जास्त येतात, तेव्हा पहिल्या कमाईचं काय केलं, घरी खोटं बोलून कुठे गेला होता, असं विचारा. तालीम दिवसाउजेडी, तासाभराची, प्रत्येकाला पाठ टेकायला खुर्ची, एवढं बघाच.

एक मात्र कळकळीने सांगतो. गोलात बसून सांगितलेलं सगळं स्टेजवर आणायची परवानगी मिळालेली नसते. एका ठिकाणी मी हे विसरलो होतो, प्रेक्षकात त्याच घरातली सून बसलेली, पुढचं विचारू नका. प्रयोगाआधी प्रत्येकाला पुन्हा विचारा, आणि नको म्हटलं तर का ते विचारू नका.

मूळ प्रश्नकर्ता:
स्क्रिप्ट कपाटात टाकली, थोडं जड गेलं खरं. काकांना फोन केला, पाठांतर नाहीये म्हटलं. तर म्हणतात, "मग मी चुकलो हे कळणार कसं कुणाला?" रविवारी येतायत. येताना विहिरीचा रहाट आणतो म्हणाले, म्हणजे आता तिसरी बाजू.