जनरेटरचा सेल्फ फिरत नाही, नुसतं 'टक्' होतं

नागपुरात हिंगणा रोडला आमचं मंगल कार्यालय आहे. डिझेल जनरेटरला चावी मारली की सेल्फपाशी (इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरपाशी) एकदाच टक् होतं, इंजिन हलत नाही. मीटरवर बॅटरी १२.५ व्होल्ट दाखवते. उद्या लग्न आहे. बॅटरी बदलू का?

– भाऊ, आधी पैसे घालू नका. बॅटरीवर लोड नसताना दिसणारं १२.५ पुरेसं सांगत नाही, सेल्फचा लोड पडल्यावर पाहा. एकाने चावी धरायची, दुसऱ्याने मीटर बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर धरायचा. ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी संपली. १२ च्या आसपास टिकलं तर करंट सेल्फपर्यंत पोहोचत नाही: टर्मिनल, अर्थिंगची केबल, नाहीतर सोलेनॉइडचे (सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचचे) जळालेले कॉन्टॅक्ट. आपल्याकडच्या मे महिन्यात बॅटरीतलं पाणीही आटतं. प्लेटा उघड्या दिसल्या तर डिस्टिल्ड वॉटरच टाका, नळाचं नको.

– इंजिनच जाम नाही ना, तेही बघा: बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून इंजिनच्या पुलीचा नट पान्याने फिरवून पाहा. जाम असेल तर सेल्फ जाळू नका, मेकॅनिक बोलवा.

– पुली फिरते. चावी मारताना ११.९ राहिलं. चेसिसला अर्थिंगची केबल बसते तिथे रंगाखाली गंज होता. पॉलिश पेपरने चकचकीत केलं, बोल्ट आवळला. पहिल्याच चावीला सुरू! मनापासून आभार, राजेहो.