प्रतिसाद: क्वेसन-सॅकींचं अध्यक्षपद

वर म्हटलंय की घानाचे अ‍ॅलेक्स क्वेसन-सॅकी १९६४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे पहिले कृष्णवर्णीय आफ्रिकी अध्यक्ष झाले, पण पद नुसतं शोभेचं होतं. एरवी चालून जाईल हे, त्या वर्षी नाही. काँगोतल्या शांतिसेनेच्या खर्चाचा वाटा द्यायला रशिया आणि फ्रान्स तयार नव्हते. दोन वर्षांची थकबाकी झाली की संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या कलम १९ प्रमाणे मताचा हक्क जातो, आणि अमेरिका ते कलम लावायला टपलेली. मतदान झालं की हा वाद पेटणार, म्हणून अख्खं अधिवेशन मतदान न घेता रेटायचं ठरलं. खुद्द अध्यक्षांची निवडही टाळ्यांवर! सुरक्षा परिषदेच्या जागांसाठी प्रतिनिधींनी अध्यक्षांच्या दालनात जाऊन पसंतीच्या चिठ्ठ्या दिल्या. फेब्रुवारी १९६५ मध्ये अल्बानियाने मतदानाचा हट्ट धरलाच. तो एवढ्या एका कामकाजाच्या मुद्द्यावर मत घेऊन ९७ विरुद्ध २ असा निकालात काढला. हा गाडा न उलथवता हाकणं येरागबाळ्याचं काम नव्हे.

क्वेसन-सॅकींनी घानाचे राष्ट्राध्यक्ष एन्क्रुमांशी गद्दारी केली, हा वरचा मुद्दा मात्र मान्य. २४ फेब्रुवारी १९६६ ला घानात लष्करी बंड झालं तेव्हा परराष्ट्रमंत्री म्हणून ते एन्क्रुमांसोबत पेकिंगमध्ये होते. एन्क्रुमांनी त्यांना आफ्रिकी देशांच्या बैठकीत बाजू मांडायला अदिस अबाबाला धाडलं; हे मात्र घानाच्या राजधानीत, आक्राला उतरले आणि नव्या लष्करी राजवटीला जाऊन मिळाले. पुढे १९७८ मध्ये दुसऱ्याच एका लष्करी सरकारने त्यांना वॉशिंग्टनला राजदूत म्हणून पाठवलं.