विषय: भाचीसाठी लॅपटॉप – आय५, रायझन की मॅक?

प्रेषक: सदस्या, बहारीन

नमस्कार मंडळी,

चवथीला घरी फोंड्याला येतेय. धाकट्या भावाच्या मुलीला फर्मागुडीच्या इंजिनीअरिंग कॉलेजात मेकॅनिकलला प्रवेश मिळालाय आणि लॅपटॉप आत्याने द्यायचा असं ठरलंय. (ठरवलं कुणी ते विचारू नका.) भाऊ पणजीला अठरा जून रस्त्यावरच्या एका दुकानात चौकशी करून आला. दुकानदार म्हणे, "आय५ घ्या, डोळे मिटून." मला वाटतं इथूनच मॅकबुक आणावा, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. फोंड्याचे काका, तुम्ही काय म्हणता?

---

प्रेषक: फोंड्याचे काका

बाय,

डोळे मिटून आय५ घेतला की दुकानदाराचं फावतं. तू आधी प्रोसेसर, म्हणजे इंटेलची आय५ की एएमडीची रायझन ही आतली मुख्य चिप, बघूच नकोस. पोरीला पुढची चार वर्षं कोणतं सॉफ्टवेअर लागणार, ते कॉलेजात विचार. मेकॅनिकलला सॉलिडवर्क्स लागलं, तर ते फक्त विंडोजवर चालतं, मॅकवर येतच नाही. ऑटोकॅड मॅकवर आहे, पण तेवढ्याने भागायचं नाही. पूर्वीच्या इंटेलवाल्या मॅकमध्ये बूट कॅम्पने विंडोजही टाकता यायची. अ‍ॅपलच्या स्वतःच्या एम१ चिपपासूनच्या मॅकवर ती सोय गेली. म्हणजे यंत्र कितीही देखणं असलं, बॅटरी कितीही टिकली, तरी या पोरीसाठी मॅक बाद.

दुकानात आणखी एक प्रकार दाखवतील, विंडोज पण स्नॅपड्रॅगन चिपवरची. २०२४ च्या जूनपासून हे लॅपटॉप बरेच आले. हलके, थंड, बॅटरीला उत्तम. आतली चिप मात्र एआरएम जातीची, आणि विंडोजची बहुतेक सॉफ्टवेअरं इंटेल-एएमडीच्या भाषेत लिहिलेली. साध्या सॉफ्टवेअरला दुभाष्या लावून काम भागतं. ड्रायव्हरला, म्हणजे जोडलेलं उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, दुभाष्या चालत नाही, तो एआरएमसाठी वेगळा लिहिलेला असावा लागतो. आमच्या एका नातेवाइकाने असा लॅपटॉप हौसेने बाहेरून आणला आणि कामाची डिजिटल सहीची टोकन (यूएसबीला लावायची) त्याला ओळखूच येईना. भर जूनच्या पावसात, दिवे जात-येत असताना, माळ्यावरचा जुना संगणक उतरवून काम उरकलं.

तेव्हा विंडोज, आणि इंटेल किंवा एएमडी. आता चिपचं पूर्ण नाव वाचायचं. परवा वरच्या बाजारात बघून आलो. शेजारी-शेजारी दोन लॅपटॉप, दोन्हींवर ‘रायझन ५’चं तेच चिकटपत्र, किमतीत थोडाच फरक. खालच्या कार्डावर बारीक अक्षरांत एकावर ७५२०यू, दुसऱ्यावर ७५३०यू. या ७००० मालिकेत पहिला आकडा वर्ष सांगतो आणि तिसरा आतली पिढी. एएमडी आतल्या रचनेला झेन म्हणते. तिसरा २ असला तर झेन २, म्हणजे २०१९ ची रचना. ३ असला तर झेन ३, ४ असला तर झेन ४. पहिल्या चिपमध्ये चार कोअर (एकाच वेळी काम करणारे भाग), दुसरीत सहा. विक्रेत्या पोराला विचारलं तर म्हणाला, "अंकल, दोन्ही सेमच."

इंटेलचंही तसंच. आय५-१३३५यू यातले १३ म्हणजे तेरावी पिढी. शेवटचा यू म्हणजे कमी विजेवर चालणारी, मूळ हिशेब १५ वॉटचा. तिथे एच असेल तर ४५ वॉटचा. पोरगी थ्रीडी मॉडेल फिरवणार असेल तर एच बरी, पण मग पंखा वाजणार आणि बॅटरी लवकर उतरणार. आणि गंमत म्हणजे २०२३ च्या शेवटापासून नव्या चिपांच्या नावांतून इंटेलने तो ‘आय’च काढायला घेतला. आता ‘कोअर अल्ट्रा ५’ किंवा नुसतं ‘कोअर ५’. दुकानदार आय५, आय५ करतोय म्हणजे जुना साठा खपवतोय असंही नाही, सवयीनेही बोलत असेल. कार्ड वाच.

रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती स्मृती, १६ जीबीच. आणि ती दोन पट्ट्यांत विभागलेली असली तर उत्तम. बऱ्याच इंटेल चिपांच्या ग्राफिक्सला दोन पट्ट्या मिळाल्या तरच ते आयरिस एक्सई म्हणून, म्हणजे जास्त वेगाने, चालतं. एकच पट्टी असली तर तीच चिप स्वतःला नुसतं यूएचडी म्हणवते.

‘डॉस’वाला लॅपटॉप स्वस्त दिसेल, फसू नकोस. त्यात विंडोज नसते आणि मग कुणीतरी चोरटी टाकून देतो.

---

प्रेषक: सदस्य, लंडन

काका, एवढं एका फटक्यात मॅक बाद? मंडळाची स्मरणिका मी पाच वर्षं एकाच मॅकवर जुळवतोय, एकदाही कुरकुरला नाही. आणि काटकसर करायची तर वापरलेला विंडोज लॅपटॉप काय वाईट?

---

प्रेषक: फोंड्याचे काका

स्मरणिका सुरेखच असते रे. पण तुझ्याकडे येणारा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर दिसणाऱ्या अक्षरांत, असतो. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांतल्या जुन्या अंकांच्या फायली उघडायला तू गेल्या वर्षी कुणाकडे पाठवल्या होत्यास, आठव!

वापरलेला घ्यायला माझी ना नाही. फक्त इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची हवी. त्याआधीच्या चिपांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

---

प्रेषक: सदस्या, सध्या फोंडा

काका, भाऊ आत्ता दुकानातच उभा आहे. कार्डाचा फोटो पाठवलाय. आय५-१२३५यू, ८ जीबी. म्हणजे बारावी पिढी, आणि यू. बरोबर ना? दुकानदार म्हणतो रॅम नंतर वाढवता येते.

---

प्रेषक: फोंड्याचे काका

बरोबर वाचलंस. आता त्याला म्हणावं, खालचं झाकण उघडून रॅमची दुसरी खाच दाखव. खाच मोकळी असेल तर ८ ची आणखी एक पट्टी आत्ताच बसवून घ्या आणि मग भाव करा. रॅम बोर्डालाच डकवलेली असेल आणि खाचच नसेल, तर भावाला सरळ बाहेर पडायला सांग. माटोळीचा (गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांचा) बाजार भरलाय, येताना कांगलां नि सुपाऱ्यांचा घड घेऊन येऊ दे, म्हणजे फेरी फुकट जायची नाही.